काच राहिलेली गाडी

माझं काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा पहिली पंचाईत झाली ती हीच. आचाऱ्याला ताट दाखवता येतं, शिंप्याला झब्बा दाखवता येतो. मी काय दाखवू? वीतभर लांबीची एक मोटार आणि तिची पुढची काच, जी बघणाऱ्याला नुसती हवा वाटायला हवी. कुणी वाकून "इथं काच आहे का हो?" असं विचारलं, की त्या दिवशी मी स्वतःसाठी वेलची घालून चहा करते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खऱ्या मोटारींच्या हुबेहूब लहान प्रतिकृती जुळवायचे संच मिळतात. खोक्यात सगळे सुटे भाग असतात, ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. हे पोरांचं खेळणं नव्हे. डॉक्टर, प्राध्यापक, कारखान्यातले इंजिनिअर अशी चांगली घोड्याएवढी माणसं सहा-सहा महिने त्यात डोकं घालून बसतात. इंजिन जमतं, रंग जमतो, आणि शेवटी काचेपाशी सगळं अडतं. मग खोका छातीशी धरून ते मुकुंदवाडीला माझ्या घरी येतात. चेहरा असा, की यांना आधी पाणी द्यावं की खुर्ची द्यावी ते कळू नये.

काच म्हणायचं, पण असतं ते पारदर्शक प्लास्टिक. हे भयंकर हट्टी. रंगीत प्लास्टिक वाकतं, हे सरळ तडकतं. ज्या काडीला ते जोडलेलं येतं तिथून चिमट्यानं तोडलं तर तुटल्या जागी पांढरा डाग उठतो, म्हणून बारीक करवतीनं हळूहळू कापायचं. ओरखडा असेल तर ओल्या पॉलिश कागदानं घासायचं, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक, शेवटी सुती कापडावर दात घासायची पेस्ट. घासताना कापडाखाली उघडा अंगठा हवा, कारण ओरखडा डोळ्याला दिसेनासा झाल्यावरही कातडीला लागत असतो. चिकटवायला सुताराचा पांढरा गोंद, तो वाळला की दिसत नाही. बोटं चिकटवणारा तो झटपट गोंद मात्र काचेच्या जवळपाससुद्धा न्यायचा नाही. त्याला न दिसणारी वाफ सुटते, आणि बंद जागेत ती काचेवर पांढरी होऊन बसते. सगळ्यात आधी बसते ती माणसाचा हात जिथं लागला असेल तिथं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दहादा सांगते. दहादा का, तेही पुढं येईलच.

या उद्योगाआधीची सव्वीस वर्षं मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत दिव्यांच्या काचा तपासायचं काम केलं. मोटारींचे पुढचे दिवे बनवणारा कारखाना होता. काळे पडदे लावलेली एक खोली, आत एकच ट्यूबलाइट, हातात पांढरे मोजे. काच उजेडात धरायची, बुडबुडा, रेघ, धूर दिसला की बाजूला. त्या खोलीत बोलायची पद्धत नव्हती. मनाई नव्हती, पण कुणी बोलत नसे. प्रत्येक काचेत आपला चेहरा उलटा, चपटा दिसायचा, आणि दुपारनंतर तो आपला वाटेनासा व्हायचा. माझ्या शेजारी बसणारी शकुंतला म्हणायची, "मालती, ही बाई मला रोज बघते." आम्ही हसायचो. पण तिनं बदली मागून घेतली ती पुन्हा त्या खोलीत आली नाही.

निवृत्तीनंतर एका ओळखीच्या डॉक्टरांनी पहिली फुटकी काच आणून दिली आणि हा उद्योग मागं लागला. सगळीच गिऱ्हाइकं शहाणी नसतात. खुलताबादचे सलीमभाई त्यातले. जन्मभर वेरूळच्या पाहुण्यांना गाडीतून हिंडवलं. त्यांनी आपल्या जुन्या गाडीची प्रतिकृती जुळवली होती, उत्तम जुळवली होती. म्हणाले, "बाई, काँच टूटा हुआ होना."

घाटात एकदा दगड उडून त्यांच्या गाडीच्या काचेला डाव्या बाजूला तडा गेला होता. शेजारी त्यांच्या बेगम बसलेल्या. त्यांना काही झालं नाही, उलट हसू आलं म्हणे. ती काच त्यांनी कधी बदलली नाही. तडा वर्षानुवर्षं वाढत राहिला आणि बेगम गेल्या तेव्हा गाडी उभी करून ठेवली. त्यांना तसाच तडा हवा होता. फुटकं जोडणारी मी, मुद्दाम तोडायला माझा हात चालेना, पण सुईनं रेघ ओढून, कोमट पाण्यात किंचित वाकवून दिला तडा.

महिन्याभरानं त्यांचा फोन. "बाई, वो बढ रा."

यात नवल नाही. या प्लास्टिकला एकदा चीर पडली की रंगातल्या थिनरनंसुद्धा ती पुढं सरकते. मी म्हटलं, "आणा, टोकाला बारीक भोक पाडून थांबवते."

"नक्को. जाने दो. देखना है मेरेकू किधर तक जाता."

पुढं मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मोटार दाखवली आणि शेजारी खऱ्या गाडीचा फोटो ठेवला. लहान गाडीतला तडा आरशाच्या अलीकडे येऊन थांबला होता. फोटोतलाही तिथंच थांबला होता. चार महिन्यांपासून हलला नव्हता. मी थिनर, उष्णता वगैरे पुष्कळ समजावून सांगितलं. ते सगळ्याला "हौ, हौ" म्हणत होते.

आता मुद्द्याचं.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात एका सकाळी एक गृहस्थ दारात उभे राहिले. पांढरं धोतर, टोपी, काखेत चादरीत बांधलेला खोका.

"राम राम ताई. काचवाल्या मालतीबाई तुमीच का?"

रंगनाथराव त्यांचं नाव, गाव पाचोड. घरची शेती बरी, विहिरीला पाणी. खोका त्यांच्या मुलाचा, विलासचा. विलास वाळूजला एका कंपनीत होता आणि माझ्या घरापासून तीन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं त्यानंच लिहिलं होतं, "काच – मालतीबाई, मुकुंदवाडी". रंगनाथरावांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. विलास यायचा होता माझ्याकडे. आला नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. एकतीस वर्षांचा. तेव्हाच्या रीतीप्रमाणे सगळं गुंडाळून, शहरातच झालं. रंगनाथरावांना लांब उभं केलं. आईला तेही नाही.

"ती मानीतच न्हाय ताई," रंगनाथराव म्हणाले. "म्हनती, म्या पाह्यलं न्हाय. दोन वर्सं झाली, रोज रातच्याला त्याचं ताट वाढती, झाकून ठिवती. दाराला कुलूप लावू देत न्हाय. यष्टीत बसत न्हाय, म्हनती मी गावाला गेले अन् तो आला तर?"

"आणि ही गाडी?"

"माझंच चुकलं. खोलीवरून सामान आलं तवा तिनं इचारलं, त्याची ती गाडी पुरी झाली व्हती का? आदल्या दिवाळीला तो सांगून गेल्ता, पुरी करून आणतो म्हनून. म्या खोका उघडून पाह्यला अन् खरं बोललो. म्हनलो, न्हाय, निस्ती पुढची काच ऱ्हायली. तवापासून एकच. म्हनती, माझा इलास काम अर्धं टाकून जायाचा न्हाय. काच ऱ्हायली म्हंजी तो यील."

तिनं खोका स्वतः उघडला नव्हता. नवऱ्याच्या शब्दावरच सगळं उभं होतं. रंगनाथरावांनी ठरवलं होतं की काच बसवून घ्यायची, गाडी तिच्यापुढे ठेवायची आणि सांगायचं, मी तेव्हा नीट बघितलं नाही, गाडी पुरीच होती, त्यानंच पुरी केली होती.

"फकस्त तुमचा हात दिसाया नको," ते म्हणाले.

हे वाक्य मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण या वेळी गोष्ट निराळी होती. एवढ्याशा काचेवर दोन माणसांचं घर अडून होतं. ती राहिली आहे तोवर एका आईचा मुलगा जिवंत होता. मी ती बसवली की गेला. माझ्या हातून असं काही व्हावं याची मला भीती वाटली, हे सरळ कबूल करते. तरी मी हो म्हटलं, कारण त्या झाकलेल्या ताटासमोर रोज बसणारे रंगनाथराव मला दिसत होते.

गाडी पाहिली आणि विलासविषयी आदर वाटला. रंगाला कुठं ओघळ नाही, गोंदाचा ठिपका नाही. मागची आणि बाजूंच्या काचा त्यानं बसवल्या होत्या, इतक्या स्वच्छ की मीसुद्धा वाकून पाहिलं. पुढची काच मात्र सामानाच्या गाठोड्यात दबून आरपार तडकली होती. असा तडा बुजत नाही. मी तिच्यावरून साचा केला, पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा गॅसवर मऊ करून त्यावर ओढला, कापला, चार दिवस घासला. बसवायला गेले तर वरचा एक कोपरा उचलला जाई. पांढरा गोंद तो धरून ठेवेना. रंगनाथराव दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

आणि मग मी तेच केलं जे दहादा सांगून इतरांना करू देत नाही. छताच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही तिथं, झटपट गोंदाचा एक थेंब. एकाच थेंबानं काय होतंय, आणि तेही मला! घमेंड, दुसरं काही नाही. बाहेर रस्ता खोदलेला, धूळ उडत होती, म्हणून गाडीचा तळ बसवला आणि ती डब्यात ठेवून झाकण लावलं. हवा पावसाळी, दमट. वाफ बसायला याहून सोयीचं काही नसतं.

सकाळी झाकण उघडलं. मी घासलेली पुढची काच लख्ख होती. बाजूच्या काचांवर किंचित धुकं. मागच्या काचेवर, आतून, एक अंगठा.

पुसट डाग नव्हे. पुरा अंगठा, पांढरा, एकेक रेघ मोजता यावी असा, आणि त्यातून तिरपी गेलेली एक जाड मोकळी रेषा. कुणीतरी आत बसून काच बाहेर लोटतंय असं वाटलं. मी डबा खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

कारण मला नीट ठाऊक होतं. विलासनं मागची काच आतून अंगठ्यानं दाबून बसवली असणार. त्याच्या हाताचा ओशटपणा इतके दिवस तिथं न दिसता होता, वाफ त्यावर बसली. पोलीसही चोराची बोटं अशीच उठवतात. अंगठा माझा नाही हे तर मी शपथेवर सांगू शकले असते. इतकी वर्षं ओल्या कागदावर घासून माझ्या बोटांच्या रेघाच गेल्या आहेत. दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जाते तेव्हा मशीन माझा अंगठा घेत नाही. मागच्या खेपेला तिथला कारकून हसून म्हणाला, "बाई, मशीन म्हणतंय तुम्ही नाहीच."

कारण ठाऊक असून भीतीनं मान ताठ झाली होती. पण सव्वीस वर्षांची सवय मानेपेक्षा ताठ. काचेवर डाग म्हणजे दोष, दोष म्हणजे बाजूला. त्यातून गाडी बिनचूक दिसायची अट. मी तळाचे दोन स्क्रू काढले, काडीला कापूस गुंडाळला, पॉलिश लावलं आणि घासायला लागले. एक कड गेली. हळूहळू निम्मा अंगठा गेला.

दारात चपला वाजल्या. रंगनाथराव अर्धा तास आधी आले होते. मी गाडी लपवायला हवी होती, पण हात मोकळे नव्हते. ते जवळ आले, वाकले आणि बघतच राहिले.

"हे काय ताई?"

मी सांगितलं. ते खाली, फरशीवरच बसले. त्या तिरप्या रेषेकडे बोट केलं, पण काचेला लावलं नाही.

"इळा लागला व्हता त्याला. सातवीत. कडबा तोडताना. म्याच हळद भरली व्हती." मग म्हणाले, "म्या जनमभर अंगठाच उठवत आलो ताई. मला अंगठा कळतो. ऱ्हाऊ द्या. आता पुसू नगा."

"पण मग तुमचं ते सांगायचं..."

"माझ्या एकल्यानं खोटं निभायचं न्हाय. तुमी बी चला पाचोडला."

गेले. गाडी मांडीवर घेऊन एसटीत बसले होते आणि सगळ्या रस्त्यात मागची काच माझ्याकडे वळू नये असं बघत होते.

विलासच्या आईचं, गयाबाईंचं घर स्वच्छ, दार सताड उघडं. खुंटीला विलासचा शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. फडताळात एक ताट, त्यावर दुसरं उपडं. मला वाटलं होतं बाई भ्रमिष्ट असेल. तसं काही नव्हतं. ठणठणीत, तिखट बोलणारी बाई. मला आधी चहा दिला, नवऱ्याला "पावनी आणली ती सांगून तरी आनायची" म्हणून झापलं. मग पदराला हात पुसून गाडी घेतली आणि दारातल्या उजेडात धरली. अगदी आम्ही कारखान्यात धरायचो तशी.

पुढच्या काचेशी बोट नेऊन त्या थबकल्या. "हितं काच हाय व्हय?"

आयुष्यात त्या प्रश्नाचं मला पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

रंगनाथराव घसा खाकरून पाठ केलेलं बोलू लागले, "अगं, म्या तवा नीट पाह्यलं न्हवतं, गाडी तर..."

गयाबाईंनी गाडी फिरवली होती. मागच्या काचेवर त्यांची नजर थांबली. डाग उजेडात येईल अशी त्यांनी गाडी तिरपी केली.

"त्याचाच हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "बाई, हे त्यानं असं ठिवलं नसतं. चष्म्याला माझं बोट लागलं तर घर डोक्यावर घ्यायचा. पानी पिऊन तांब्या पुसून ठिवणारं पोरगं. डाग टाकून उठायचा न्हाय तो." त्यांचा आवाज अजून साधाच होता. "पुसायला परत आलाच न्हाय म्हंजी. येळच गावला न्हाय माझ्या लेकराला."

आणि त्या रडल्या. रंगनाथरावांनी नंतर सांगितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी बिनचूक गाडी नेली असती तर त्यांनी ती उजेडात धरली असती, मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा ताट वाढलं असतं. त्यांना पटलं ते माझ्या चुकीमुळे, आणि तीही मी निम्मी पुसून टाकली होती.

डोळे पुसल्यावर त्यांनी तेच विचारलं. "ह्यो निम्माच का?"

खोटं बोलायला रंगनाथरावांसारखं मलाही जमलं नाही. "उरलेला मी पुसला. डाग वाटला मला."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, उताणा केला आणि माझ्या बोटांच्या गुळगुळीत टोकांवरून आपला खरखरीत अंगठा फिरवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "निम्मा ऱ्हायला. लई झालं," एवढंच म्हणाल्या. मग उठून फडताळातलं ते ताट काढलं, वरचं उपडं ताट बाजूला ठेवलं, आणि त्यात मला भाकरी आणि पिठलं वाढलं. मी जेवले. ताटात काही टाकलं नाही. निघताना रंगनाथराव मला सोडायला स्टँडपर्यंत आले. गयाबाईही आल्या, आणि येताना त्यांनी दाराला कडी लावली.

त्यानंतर आठवड्यानं मी एक गोष्ट केली, ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. जुन्या संचातली एक उरलेली काच घेतली. हात साबणानं धुतले नाहीत, मोजे घातले नाहीत. अंगठा कपाळावरून फिरवून काचेवर चांगला दाबला. मग ती डब्यात ठेवली, शेजारी झटपट गोंदाचा एक थेंब टाकला आणि झाकण लावलं.

सकाळी उघडून पाहिलं. काचेवर एक पांढरा गोल उठला होता, बदामाएवढा. भिंग घेऊन, ट्यूबलाइटखाली धरून मी तो बराच वेळ तपासला. त्यात एकही रेघ नव्हती.